तापलेल्या तेलात पाणी शिंपडू नका: फिरत्या निरोपाला मुद्देसूद उत्तर

दिवाळीच्या तोंडावर एक निरोप पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. 'तेलशुद्धीचा विसरलेला उपाय' असं त्याचं शीर्षक, वर पणतीचं चित्र आणि खाली 'किमान दहा जणींना पाठवा' अशी विनंती. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगते. तळणीचं तेल तापलं की त्यात बोटांनी पाणी शिंपडावं. त्याने तेलातली विषारी द्रव्यं वाफेबरोबर उडून जातात आणि तडतड आवाज येतो तो हे विष बाहेर पडल्याचा. पाणी 100 अंशांना उकळतं, तेल 180 अंशांवर असतं, म्हणून तापल्या तव्यावर नाचतो तसा थेंब वरच्या वर उडून जातो, त्यात धोका काही नाही. तेलातलं कोलेस्टेरॉल निघून जातं. पदार्थ तेल कमी पितो. तेल धुरावलं किंवा पेटलंच, तर ओंजळभर पाणी बारीक शिंपडावं, तेल लगेच निवतं. हे सगळं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने सिद्ध केलेलं आहे. आणि अंगावर तेल उडालंच, तर टूथपेस्ट किंवा हळद लावावी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. असले निरोप रोज येतात आणि मी ते पुसून टाकते. हा मात्र आमच्या वन्संकडून आला. वन्सं कर्वेनगरला राहतात, वर्षानुवर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्या चकलीचा काटा आणि शंकरपाळ्यांचा खुसखुशीतपणा आमच्या सगळ्या नातेवाइकांत नावाजलेला आहे. इतक्या मुरलेल्या बाईंनी हा निरोप नुसता पुढे पाठवला नाही, करूनही पाहिला. पाणी त्यांनी शिंपडलं आणि तेल उडालं ते शेजारी सोऱ्या घेऊन उभ्या असलेल्या मदतनीस मावशींच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. एक थेंब गालावर, डोळ्याच्या अगदी खाली. हे कळल्यावरही घरच्या ग्रुपवर लोक लिहीत होते, 'पाणी जास्त पडलं असेल', 'आमच्याकडे तर छान झालं'. तेव्हा डोक्यात तिडीक गेली. ज्या शहरात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, ढगांतल्या थेंबांचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामान संस्था आहे, त्या शहरात कढईतल्या एका थेंबाबद्दल इतकं चुकीचं काही बिनदिक्कत फिरावं, हे मला सहन होत नाही.

क्रम मोडून आधी आगीचा मुद्दा घेते. बाकीच्या मुद्द्यांनी हात पोळेल, या मुद्द्याने घर जाईल.

पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही. ओंजळभर नाही, चमचाभर नाही, बारीक शिंपडून नाही, पाणी गळणारा फडका टाकूनही नाही. कारण असं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. साध्या तापमानाला एक लिटर पाणी किलोभर भरतं, तर खाद्यतेल साधारण 920 ग्रॅम, आणि तापून फुगल्यावर ते आणखी हलकं होतं. म्हणजे वरून टाकलेलं पाणी तेलावर पसरून आग झाकत नाही, तेलाच्या पोटात शिरतं. लाकडाची किंवा कागदाची आग पाण्याने विझते हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं, म्हणून हात आपसूक नळाकडे जातो. पण तिथे पाणी जळत्या वस्तूला भिजवून थंड करतं. इथे ते जळत्या थराच्या खाली जाऊन बसतं आणि तिथे त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची, आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला, जवळजवळ 1.7 लिटर वाफ होते. म्हणजे आकारमान सोळाशे-सतराशे पट. ओंजळभर, म्हणजे 100 मिलिलिटर पाणी धरलं, तर 165 ते 170 लिटर वाफ. घरी पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे जार येतात ना, तसले आठ जार भरतील एवढी वाफ, तीही दीड लिटर तेलाखाली, पापणी लवायच्या आत.

त्या वाफेला वरच्या बाजूलाच वाट असते, आणि वर जळतं तेल असतं. ते तुषार होऊन हवेत फेकलं जातं. कढईत असताना तेल फक्त वरच्या पृष्ठभागावर जळत होतं, कारण हवा तिथेच लागत होती. तुषार झाल्यावर प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि तो प्रत्येक कण आधीच पेटण्याइतका तापलेला असतो. वीतभर उंचीची ज्योत क्षणात छताला लागते. आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर काय असतं ते आठवा: तेलकट जाळी असलेली चिमणी, दोन्ही बाजूंना प्लायची कपाटं, शेजारी खिडकीचा पडदा, ओट्याखाली सिलिंडरची नळी. आणि पाणी टाकणारी बाई त्या ज्योतीपासून हातभर अंतरावर, बहुतेक वेळा गाऊनमध्ये किंवा साडीत.

'बारीक शिंपडलं तर चालतं' ही त्या निरोपातली सगळ्यात घातक ओळ. लिहिणाऱ्याला वाटलं असावं की थोडं पाणी म्हणजे थोडा धोका. पण चमचाभर पाणीसुद्धा आठ-साडेआठ लिटर वाफ करतं, आणि कढईतलं तेल चौफेर उडायला तेवढी पुष्कळ झाली.

आता धुरावलेल्या तेलाबद्दल. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल साधारण 220 ते 230 अंशांच्या आसपास धुरावायला लागतं. तसंच तापत ठेवलं आणि ते साडेतीनशेच्या पुढे गेलं, की त्याला ज्योत लागावी लागत नाही, ते आपलं आपण पेटतं. म्हणजे धूर ही तेलाने वेळेवर दिलेली सूचना आहे. तेव्हा करायचं ते एकच, गॅस बंद. निरोप म्हणतो पाण्याने तेल निवतं. हिशेब करून पाहू. एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम पाणी, साध्या तापमानापासून तापून त्याची पूर्ण वाफ व्हायला 12 ते 13 किलोज्यूल उष्णता लागते. किलोभर तेलाचं तापमान एक अंशाने उतरवायचं तर त्यातून दोन किलोज्यूलच्या थोडी वर उष्णता काढावी लागते. म्हणजे सगळं पाणी निमूटपणे तेलात विरलं असं धरलं, तरी तेल पाच-सहा अंशांनी उतरेल. खाली शेगडी मोठी पेटलेली असेल तर ते थोड्याच वेळात पुन्हा होतं तिथे येईल. पाच अंशांसाठी तोंडावर तेल उडवून घ्यायचं, आणि शेगडीचा कान पिळायचा नाही, हा कुठला उपाय?

तेल पेटलंच, तर असं करा. हात पोचत असेल तर गॅसचं बटण बंद, नाहीतर सिलिंडरचा रेग्युलेटर, पाइपचा गॅस असेल तर त्याची झडप. मग कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण, ताट किंवा कणकेची परात बाजूने सरकवत कढईवर आणायची. वरून टाकायची नाही, कारण वरून आणताना हात ज्योतीत जातो. काचेचं झाकण नको, ते तडकू शकतं. एकदा झाकलं की 'विझलं का बघू' म्हणून उघडायचं नाही. आतलं तेल अजूनही पेटण्याइतकं तापलेलं असतं, हवा मिळाली की पुन्हा भडकतं. पूर्ण निवेपर्यंत तसंच राहू द्यायचं. कढई उचलून मोरीत किंवा ड्राय बाल्कनीत पळवायची नाही. अशा वेळी कढई हिंदकळते, तेल पायांवर सांडतं आणि आग घरभर होते. मैदा, बेसन टाकायचं नाही, पीठ स्वतःच भडकतं. झाकता आलं नाही तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, स्वयंपाकघराचं दार असेल तर ओढून घ्यायचं आणि 101 ला फोन. तळायला बसण्याआधी परात हाताशी काढून ठेवायची, मोहन घालायच्या आधी. आग लागल्यावर परात शोधायला मांडणीकडे जाता येत नाही.

आता 'थेंब वरच्या वर उडून जातो' हा मुद्दा. वन्संना हाच पटला होता, कारण ऐकायला तो शास्त्रीय वाटतो. त्यातले आकडे बरोबर आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने इथे पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, एवढाच फरक. पण त्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष चूक आहे.

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब गोटीसारखा घरंगळतो हे खरं. योहान गॉटलोब लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही ती गोष्ट त्याच्याच नावाने ओळखली जाते. थेंबाच्या खाली वाफेची पातळ गादी तयार होते, थेंब तव्याला टेकतच नाही, म्हणून तो सावकाश आटतो. पण तव्यावर थेंबाच्या डोक्यावर मोकळी हवा असते. वाफ बाजूने निघून जाते, कुणालाही काही न करता. तेलात थेंब बुडतो. त्याच्या वर, खाली, चहूबाजूंनी तेल. वाफ निघाली की तेलाला ढकलूनच निघणार.

आणि बुडालेला थेंब लगेच उकळतोच असंही नाही. पाणी उकळायला नुसती उष्णता पुरत नाही, वाफेचा पहिला बुडबुडा धरायला काहीतरी आधार लागतो: भांड्यावरचा ओरखडा, एखादा कण, अडकलेली हवा. पातेल्यात चहाचं आधण ठेवलं की बुडबुडे नेहमी तळाच्या ठरावीक जागांहून वर येतात ते यामुळे. तेलाने वेढलेल्या थेंबाला असा आधार मिळेलच असं नाही. मग तो 100 अंश ओलांडूनही पाणीच राहतो आणि आत उष्णता साठवत जातो. रॉबर्ट अ‍ॅपफेल या शास्त्रज्ञाने 1972 मध्ये, पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात सोडलेले बारीक थेंब साध्या दाबाला 279.5 अंशांपर्यंत न उकळता तापवून दाखवले होते. आपल्या कढईत एवढं टोक गाठलं जाणार नाही. तिथे चकलीचा चुरा असतो, तळाला ओरखडे असतात, थेंब त्यांना लागतो. पण लागतो तेव्हा तो आधीच जादा तापलेला असतो, आणि मग सावकाश उकळणं होत नाही, एकदम स्फोट होतो. म्हणून तर कधी कधी पाणी पडल्यावर क्षणभर काहीच होत नाही, आपण गाफील राहतो आणि मग तेल उसळतं. मावशींच्या बाबतीत हेच झालं. त्या म्हणाल्या, 'आधी गप्पच होतं की ताई, म्हणून मी चकली सोडायला वाकले.'

एक थेंब म्हणजे साधारण वीसावा हिस्सा मिलिलिटर. त्याची वाफ 80 मिलिलिटरच्या वर होते. बोटांनी शिंपडताना एक थेंब पडत नाही, पाच-दहा पडतात, वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या खोलीवर जाणारे. कुठला कधी फुटेल याचा अंदाज कुणालाच येणार नाही, पंचवीस वर्षं तळणाऱ्या बाईलाही नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं काय? निरोपात नाव दिलेलं नाही. शोधल्यावर मला जो निबंध सापडला तो अकिहितो कियामा, टॅड ट्रस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2022 साली 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात आलेला. तापलेल्या तेलात पाणी शिरलं की बुडबुडे कोणत्या आकाराचे होतात आणि त्यांचा आवाज कसा असतो, हा त्याचा विषय. निरोप लिहिणाऱ्याने तो वाचला असता तर निरोप लिहिलाच नसता. या मंडळींनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा वाफेच्या पोकळ्यांचे तीन प्रकार दिसले. एक, पृष्ठभागाजवळ फुटून उघडणारी. दुसरी, लांबट होत वर येणारी. तिसरी, तेलाच्या आतच राहून आकुंचन-प्रसरण पावत राहणारी. पाणी किती आणि ते कसं, किती खोल पोचलं, यावर कोणती पोकळी होणार ते ठरतं, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. पहिल्या प्रकारात तेलाचे बारीक कण हवेत उडतात. आता सांगा, 'धोका काही नाही' हे यातून कुठे निघतं? ज्या अभ्यासाने फुटणारी पोकळी तेल कसं फेकते ते दाखवलं, त्याचाच दाखला देऊन निरोप सांगतो की थेंब वरच्या वर नाहीसा होतो. तडतडीबद्दलही हा अभ्यास स्पष्ट आहे: आवाज वाफेच्या पोकळीचा आहे. विषाचा त्यात संबंध नाही.

यातली एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. जपानमध्ये टेम्पुरा तळणारे लाकडी चॉपस्टिकचं ओलसर टोक तेलात बुडवून, बुडबुडे आणि आवाज यांवरून तेल कितपत तापलं ते ओळखतात, आणि त्या अभ्यासाची सुरुवात याच रीतीपासून होते. म्हणजे तेल तापलं का हे पाण्याच्या वागण्यावरून कळतं, हे खरंच. पण काडीचं टोक ओलसर असणं आणि तेलावर ओल्या बोटांनी पाणी झटकणं यांत फार फरक आहे. लाकडात मुरलेली ओल धाग्याधाग्यातून निघते, तिला वाट असते. आपल्याकडेही हेच करतात. भाजणीच्या पिठाची बारीक गोळी सोडायची. तळाशी बसून राहिली तर तेल कच्चं, सावकाश वर आली तर बरोबर, टाकताक्षणी वर येऊन काळवंडली तर जास्त तापलं. त्या गोळीतही पाणीच असतं. पण ते पिठाने धरून ठेवलेलं असतं, छिद्राछिद्रातून बुडबुडे होऊन येतं. घाण्याभोवती दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ, आणि बुडबुडे मंदावले की चकली झाली असं वन्संच सगळ्यांना शिकवतात. वाफेची वाट बंद झाली की काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. फोडणीत मोहरी उडते, चीर न दिलेली मिरची फुटते, आणि घट्ट वळलेला साबुदाणा वडा तेलात फुटला तर त्यासारखं वाईट काही नाही. उपासाच्या दिवशी त्याने पोळलेले हात मी पाहिलेत.

आता विषारी द्रव्यांचा मुद्दा. तडतड म्हणजे विष बाहेर पडणं असेल, तर नवीन पिशवी फोडून ओतलेल्या कोऱ्या तेलातही थेंब तितकाच का तडतडतो? एवढा प्रश्न दहा जणींपैकी एकीला तरी पडायला हवा होता.

इथे एका भाचीने मला अडवलं. ती म्हणाली, मामी, तेलाच्या कारखान्यात वाफ सोडतातच. बरोबर आहे, सोडतात. वास घालवण्याच्या टप्प्यात 200 ते 250 अंशांच्या आसपास तापलेल्या तेलातून वाफ नेतात, आणि ती वास देणारी द्रव्यं व सुटी झालेली मेदाम्लं घेऊन जाते. पण हे बंद टाकीत, हवा काढून घेऊन, बाहेरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी दाबाखाली चालतं. म्हणूनच ती द्रव्यं तेलातून निघतात, आणि हवा नसल्यामुळे तेल बिघडत नाही. उघड्या कढईत यातलं काही नसतं. तिथे पाणी उलट काम करतं: गरम तेलाच्या रेणूंना तोडून मेदाम्लं सुटी करतं. मेदाम्लं वाढली की तेल आधीपेक्षा कमी तापमानाला धुरावतं, लवकर खवट होतं. म्हणजे शुद्धीच्या नावाखाली तेल बिघडवायचं.

वारंवार तापवलेल्या तेलात जी खरोखर वाईट द्रव्यं साठतात, ती जड असतात, चिकट असतात. तेल दाट होतं, फेसाळतं, काळपट दिसतं ते त्यांच्यामुळे. ती वाफेबरोबर उडत नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्यासाठी मर्यादा घालून दिली आहे: 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तापून तापून तेल बिघडल्यावर साठणारी हीच द्रव्यं, 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. पाणी शिंपडून ते पुन्हा वापरण्यासारखं होतं असं कुठेही म्हटलेलं नाही. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे तर लक्षात ठेवलंच पाहिजे, कारण लोक विश्वासाने मुलांना खायला देतात. दोन घाण्यांच्या मधे चुरा झाऱ्याने काढा, निवल्यावर तेल गाळा, आणि फेसाळायला लागलं की मोह सोडून टाकून द्या, पण बेसिनमध्ये नको, बाटलीत भरून.

कोलेस्टेरॉलबद्दल फार लिहीत नाही. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सोयाबीन या वनस्पतींच्या तेलांत कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. जे नाही ते उडून जाणार कसं?

पदार्थ तेल कमी पितो, यात अर्धवट तथ्य आहे, पण ते शिंपडलेल्या पाण्याबद्दल नाही. पदार्थाच्या आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, तोवर तेलाला आत शिरायला अडचण होते. तेल जास्त आत जातं ते पदार्थ बाहेर काढल्यावर, आतली वाफ निवून आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते तेव्हा. म्हणून घाणा काढताना झाऱ्यावर नीट निथळू द्यायचा आणि गरम असतानाच टिपकागदावर किंवा चाळणीत पसरायचा. कढईत पाणी शिंपडल्याने तेल थंडावतं, आणि मंद तेलात चकली जास्त वेळ राहून मऊ पडते आणि तेलकट होते. वन्संच्या त्या घाण्याचंही तेच झालं होतं, हे त्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं.

शेवटचा मुद्दा टूथपेस्ट आणि हळदीचा. मावशींच्या हातावर सगळ्यांत आधी टूथपेस्टच लावली गेली, निरोपात लिहिलं होतं म्हणून. डॉक्टरांना ती धुऊन काढावी लागली, आणि पोळलेल्या कातडीवरून वाळलेली पेस्ट काढताना काय वेदना होतात ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय. तेलाचं पोळणं पाण्यापेक्षा वाईट असतं, कारण तेल जास्त तापलेलं असतं आणि कातडीला चिकटून राहतं. त्यामुळे पहिलं काम उष्णता काढून घेणं, आणि त्यासाठी पाणीच हवं, पण तेलात नाही, हातावर. नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरायचं. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी हात काढायचा नाही. बर्फ नको, तूप नको, हळद नको, शाई नको. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच उतरवायचं, सूज आली की ते निघत नाही. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ कोरड्या कापडाने सैलसर झाकायचं. चेहरा, डोळा, तळहात, सांधा यांवर उडालं असेल, फोड मोठे असतील किंवा लहान मूल असेल तर थेट दवाखाना, आणि जायची सोय नसेल तर 108.